आरंभीचा विजय आणि अखेरची कसोटी

खेळाचा हंगाम सुरू होतो, एखादा संघ पहिले आठ-दहा सामने लीलया जिंकतो, आणि पाहता पाहता त्याच्या नावाचा गवगवा होऊ लागतो. चौकात, चहाच्या दुकानात, कचेरीत एकच भाकीत ऐकू येते : यंदाचा चषक यांचाच. दुसऱ्या बाजूला काही सावध मंडळी असतात. ती मान हलवून म्हणतात, हे सारे नव्याचे नऊ दिवस; थोडे थांबा म्हणजे समजेल. या दोन मतांपैकी खरे कोणते? आरंभीचे यश टिकते की ओसरते? आणि टिकत असेल तर कशाच्या बळावर? प्रश्न खेळाचा आहे खरा, परंतु त्याच्या उत्तराशी आपल्या गावातील मुलांचे बरेच हिताहित निगडित आहे. म्हणून त्याचा थोडा शास्त्रशुद्ध विचार आज आपण करू या.

जालन्याच्या श्रोत्यांना हा विषय समजावून सांगणे तसे सोपे आहे, कारण त्याचे मर्म येथील शेतकरी आणि बियाण्याचे व्यापारी अनुभवाने ओळखतात. मृगाचा पहिला पाऊस दमदार पडला म्हणून ज्याने घाईने चाड्यावर मूठ धरली, त्याच्यावर पुढे पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीची पाळी येते. पहिला पाऊस खोटा नसतो. तो खरोखरच पडलेला असतो. चूक होते ती त्यावरून साऱ्या हंगामाचा हिशेब मांडण्यात.

बियाण्याचेच आणखी एक उदाहरण घ्या. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको'चा पाया घातला आणि या गावाचे नाव बियाण्यांसाठी देशभर झाले. बियाण्याची उगवणशक्ती तपासताना प्रयोगशाळेत दहा दाणे टाकून कोणी निर्वाळा देत नाही. चारशे दाणे घेण्याची रीत आहे. असे का? समजा, एखाद्या पोत्यातील शंभरांपैकी ऐंशी दाणे उगवण्याजोगे आहेत. त्यातून मूठभर, म्हणजे दहाच दाणे उचलले, तर ते दहाच्या दहा उगवून येण्याचा संभव शंभरात सुमारे अकरा असतो. म्हणजे नऊ जणांनी अशी परीक्षा केली, तर त्यांतील एखाद्याला हे बियाणे शंभर टक्के उगवते असे वाटण्याचा बराच संभव आहे. तो खोटे बोलत नसतो. त्याचे दाणे थोडे पडले, एवढाच त्याचा दोष.

हाच हिशेब सामन्यांना लावा. दर सामना जिंकण्याचा संभव ज्याच्या बाबतीत शंभरात ऐंशी आहे, असा बलाढ्य संघ पहिले दहा सामने ओळीने जिंकण्याचा संभवही तेवढाच, अकराच्या आसपास. उलट, जो संघ अगदी मध्यम आहे, ज्याचा प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे, तोसुद्धा ओळीने पाच सामने बत्तिसांत एकदा जिंकतो. बत्तीस मध्यम संघ स्पर्धेत उतरले, तर त्यांतला एखादा केवळ योगायोगाने पाचही सामने जिंकलेला आढळावा यात आश्चर्य नाही. आणि नेमके त्याचेच छायाचित्र वर्तमानपत्रात येते! पुढे तो हरू लागला म्हणजे आपण म्हणतो, पोरांच्या डोक्यात हवा गेली. वस्तुतः हवा आपल्याच अंदाजात गेलेली असते.

यातून पहिला नियम निघतो. आरंभीच्या यशात खऱ्या सामर्थ्याचा भाग असतो आणि दैवाचाही. पुढच्या सामन्यांत सामर्थ्य बरोबर येते. दैव येईलच असे नाही. म्हणून असामान्य आरंभानंतरची कामगिरी सहसा थोडी खाली, संघाच्या खऱ्या सरासरीकडे सरकते. याला अधःपात म्हणू नये. नदीचा पूर ओसरल्यावर पात्रात उरते ते पाणी खरे. तेवढे पुरेसे असेल, तर नदी आटली असे कोणी म्हणत नाही.

मग सामर्थ्य किती आणि दैव किती, हे ओळखावे कसे? तीन गोष्टी पाहाव्यात. विजय कोणावर मिळवले, किती फरकाने मिळवले, आणि ते किती जणांच्या बळावर मिळवले.

पहिल्या गोष्टीचे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. जालन्याचे विजय झोल यांनी २०११-१२ च्या हंगामात, एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. पुढे २०१३-१४ च्या हंगामात रणजी स्पर्धेतील आपल्या पहिल्याच सामन्यात त्रिपुराविरुद्ध त्यांनी नाबाद द्विशतक झळकावले. त्या वर्षी महाराष्ट्राचा संघ 'क' गटात होता. शंका घेणारे म्हणू शकत होते की, या गटात मातब्बर संघ थोडे, तेव्हा येथील विजयांचे एवढे कौतुक कशाला? शंका रास्तच होती. तिचे उत्तर युक्तिवादाने मिळण्यासारखे नव्हते, मैदानावरच मिळायचे होते. आणि ते जानेवारी २०१४ मध्ये वानखेडे स्टेडियमवर मिळाले. उपान्त्यपूर्व फेरीत समोर आदल्या वर्षीचा विजेता मुंबईचा संघ. मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या, महाराष्ट्राचा डाव २८० वर आटोपला. येथे बहुतेकांनी सामना सोडून दिला असता. परंतु दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत गारद झाली, आणि २५२ धावांचे लक्ष्य महाराष्ट्राने दोनच गडी गमावून गाठले. केदार जाधव नाबाद १२० आणि विजय झोल नाबाद ९१. पुढे इंदूरला बंगालचा पाडाव करून महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला. म्हणजे 'क' गटातील यश पोकळ नव्हते, हे सिद्ध झाले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने महाराष्ट्राला सात गडी राखून हरवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी २०१४ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताचे नेतृत्व झोल यांच्याकडे होते. भारताने गटातील तिन्ही सामने जिंकले. पाकिस्तान, स्कॉटलंड आणि पापुआ न्यू गिनी या तिघांनाही नमवले. आणि उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडने तीन गडी राखून भारताला स्पर्धेबाहेर काढले. तीन विजय, एक पराजय, आणि सारे संपले.

आता या पराजयाचा अर्थ काय करायचा? गटातले यश खोटे होते असा? मुळीच नाही. येथे दुसरा नियम लक्षात घ्यावा लागतो. साखळी स्पर्धा आणि बाद फेरी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. ज्या संघाचा दर सामना जिंकण्याचा संभव शंभरात ऐंशी आहे, त्याला बाद फेरीचे तीन सामने ओळीने जिंकायचे असतील, तर तो संभव एक्कावन्नवर येतो. ऐंशीचा त्रिवार गुणाकार करून पाहा, म्हणजे खात्री पटेल. स्पर्धेतला निर्विवाद सर्वश्रेष्ठ संघसुद्धा दर दोन वर्षांत एकदा चषकाविना घरी परततो, आणि त्याबद्दल कोणालाही दोष देता येत नाही. 'ते पुढेही जिंकत राहतील का?' हा एक प्रश्न आहे, आणि 'ते अखेरचा सामना जिंकतील का?' हा दुसरा. लोक पहिल्याचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरतात आणि मग खेळाडूंवर संतापतात.

हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो तो बास्केटबॉलमध्ये. क्रिकेटमध्ये एका झेलाने, फुटबॉलमध्ये एका गोलाने निकाल फिरतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू शंभराहून अधिक वेळा टोपलीकडे फेकला जातो, गुण शेकड्याच्या घरात जातात, आणि इतक्या वेळा फासे टाकल्यावर दैवाचा वाटा फार थोडा उरतो. शिवाय अमेरिकेत एनबीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत प्रत्येक संघ साखळीचे ब्याऐंशी सामने खेळतो, आणि नंतरच्या फेऱ्यांत एकेका प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांची झुंज असते. एका सामन्यात शंभरात साठ इतका संभव असलेला संघ अशा सात सामन्यांच्या झुंजीत एकाहत्तरपर्यंत जातो. तेव्हा बलवान संघाचे यश टिकायचे, तर या खेळात टिकले पाहिजे.

तरीही तेथे काय घडले ते पाहा. २०१५-१६ च्या हंगामात गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने पहिले चोवीस सामने ओळीने जिंकले. असा आरंभ त्या स्पर्धेत पूर्वी कोणीच केला नव्हता. १२ डिसेंबर २०१५ रोजी मिलवॉकीने त्यांना पहिला पराभव दाखवला. पुढे हा संघ कोसळला काय? नाही. ब्याऐंशीपैकी त्र्याहत्तर सामने जिंकून त्याने शिकागो बुल्सचा १९९५-९६ मधला बहात्तर विजयांचा विक्रम मोडला. म्हणजे आरंभीचे यश टिकले. परंतु अंतिम झुंजीत क्लीव्हलँडविरुद्ध तीन विरुद्ध एक अशी आघाडी असताना पुढचे तिन्ही सामने त्यांनी गमावले, आणि १९ जून २०१६ रोजी ९३ विरुद्ध ८९ अशा फरकाने विजेतेपद हातचे गेले. बहात्तर विजयांच्या शिकागोने मात्र आपल्या वर्षी विजेतेपदही पटकावले होते. त्या शिकागोतील एक खेळाडू स्टीव्ह कर हेच वीस वर्षांनंतर वॉरियर्सचे शिक्षक होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. माणूस तोच, अनुभव तोच. निकाल मात्र निराळा.

या दोन संघांत फरक काय होता? येथे दुसरी कसोटी, विजयाच्या फरकाची, उपयोगी पडते. शिकागोची सरासरी सरशी सामन्यामागे बारा गुणांहून थोडी अधिक होती. वॉरियर्सची अकराच्या आत. विजय एकाने अधिक असले, तरी त्यांच्यामागचे बळ किंचित कमी. जाणकार म्हणून विजयांची नुसती संख्या मोजत नाहीत. किती फरकाने जिंकले ते पाहतात. शेवटच्या क्षणी एका गुणाने जिंकलेले पाच सामने आणि वीस-वीस गुणांनी जिंकलेले पाच सामने कोष्टकात सारखेच दिसतात, पण पुढच्या महिन्यात त्यांचे मोल सारखे राहत नाही.

दुसरे कारण शरीराचे. वॉरियर्सचे प्रमुख खेळाडू स्टीफन करी यांना एप्रिल २०१६ मध्ये आधी घोट्याला आणि मग गुडघ्याला दुखापत झाली. अंतिम झुंजीच्या पाचव्या सामन्यात ड्रेमंड ग्रीन यांना बंदीमुळे बाहेर बसावे लागले, आणि त्याच सामन्यात अँड्र्यू बोगट यांचा गुडघा दुखावला. आठ महिन्यांच्या हंगामात अशा गोष्टी घडणारच. प्रश्न असतो तो, अशा वेळी बाकावरून कोण उठतो हा. येथे आपण तिसऱ्या कसोटीपाशी येतो, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

या कसोटीचे सर्वांत थोर उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने ओळीने पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. त्याच १९५८-५९ च्या हंगामात अमेरिकेत बॉस्टन सेल्टिक्सने ओळीने आठ विजेतेपदांची मालिका सुरू केली होती. ती १९६६ मध्ये संपली तेव्हा मुंबईची निम्मीच वाट चालून झाली होती. बाद फेरीचा जो हिशेब आपण मघाशी केला, तो ध्यानात ठेवला तर पंधरा वर्षे ओळीने न हरणे म्हणजे काय, याची कल्पना येईल. दैव इतकी वर्षे कोणाची चाकरी करीत नाही.

मग हे घडले कसे? उमरीगर, नाडकर्णी, वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही नावे सर्वांना पाठ आहेत. परंतु नावांनी उत्तर पुरे होत नाही. १९७०-७१ मध्ये वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडिजला गेला. मुंबईचे स्वतः वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे सारे त्या दौऱ्यावर. एखाद्या सामान्य संघाचा कणाच मोडला असता. मुंबईने सुधीर नाईक यांच्याकडे नेतृत्व दिले, उरलेल्या मंडळींना घेऊन अंतिम सामना खेळला आणि महाराष्ट्राला हरवून करंडक घरी ठेवला. पद्माकर शिवलकरांचे उदाहरण तर याहून बोलके. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. पण १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात त्यांनीच मद्रासला तामिळनाडूचे आठ गडी अवघ्या १६ धावांत बाद केले. कसोटीचे दार ज्याला उघडले नाही, असा माणूस ज्या संघाचा आधारस्तंभ आहे, त्या संघाची खोली किती असेल!

ही खोली मैदानांतून आली होती. शाळकरी मुलांसाठी हॅरिस आणि गाइल्स ढाली. नोकरदारांसाठी टाइम्स ढाल, जिच्यामुळे कचेऱ्या खेळाडूंना नोकरी देत आणि खेळू देत. आणि १९४८ पासून ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर रंगणारी कांगा लीग. शिवाजी पार्कवर आणि आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालत की एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्ट्यांपाशी उभा दिसे. तेथे जागा मिळवायची, तर रोज लढावे लागे. यातूनच त्या संघाला 'खडूस' हे बिरुद मिळाले, आणि मुंबईकरांनी ते अभिमानाने मिरवले.

आणि तरीही ती मालिका संपली. १९७३-७४ च्या उपान्त्य सामन्यात बंगळूरला कर्नाटकाने पहिल्या डावातील आघाडीवर मुंबईला नमवले. वाडेकर त्या सामन्यात धावबाद झाले, आणि कित्येक मुंबईकर ती धावबाद आयुष्यभर विसरले नाहीत. परंतु महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. मुंबईने पुढच्या तिन्ही वर्षी, १९७४-७५ पासून १९७६-७७ पर्यंत, करंडक पुन्हा जिंकला. मुळे खोल असलेल्या झाडाची एक फांदी मोडली, एवढेच झाले होते.

याच्या उलट चित्र कबड्डीत दिसते. २०१४ मध्ये व्यावसायिक प्रो कबड्डी लीग सुरू झाली. अनुपकुमार यांच्या नेतृत्वाखाली यू मुंबा हा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम सामन्यात पोहोचला. पहिल्या वर्षी जयपूरने ३५-२४ असे हरवले. २०१५ मध्ये बंगळूरला ३६-३० ने हरवून त्याने विजेतेपद मिळवले. २०१६ च्या आरंभी पाटण्याने ३१-२८ असा निसटता पराभव केला. आणि त्याच वर्षीच्या चौथ्या हंगामात हा संघ उपान्त्य फेरीतही दिसला नाही. मधल्या काळात लिलाव झाला होता. बचावफळीतील मोहित छिल्लर बंगळूरकडे गेले. कबड्डीत पकड ही एकट्याची विद्या नव्हे. कोपऱ्यातला गडी कधी झेपावेल हे साखळीतल्या सोबत्याला न सांगता कळावे लागते. ही जाण वर्षानुवर्षे एकत्र खेळून येते आणि लिलावात एका सकाळी मोडते. शिवाय प्रतिस्पर्धीही शिकत असतात. पहिल्या वर्षी ज्या चढाईने सारे चकित होतात, तिची चित्रफीत दुसऱ्या वर्षी प्रत्येक संघ दहा वेळा पाहून येतो. जो आपल्या जुन्याच डावावर विसंबला, त्याचा डाव इतरांना पाठ होतो.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर थोडक्यात मांडता येईल. आरंभीचे झगझगीत यश जसेच्या तसे सहसा टिकत नाही. परंतु त्यातला खरा अंश टिकतो. तो अंश मोठा असतो, जेव्हा विजय तोलामोलाच्या संघांवर आणि मोठ्या फरकाने मिळालेले असतात. तो दीर्घकाळ टिकतो, जेव्हा संघ एक-दोन ताऱ्यांवर अवलंबून नसतो, राखीव खेळाडू मुख्य खेळाडूंच्या तोडीचे असतात, आणि डाव बदलण्याची तयारी असते. एवढे सारे असूनही अखेरचा सामना हातून जाऊ शकतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नसते.

श्रोतेहो, या उत्तराचा आपल्याशी संबंध काय, हे सांगून थांबतो. आपल्या जिल्ह्यात, अंबडला, भोकरदनला, परतूरला, एखाद्या शाळेचा संघ दोन-चार सामने जिंकतो. एखादा मुलगा द्विशतक ठोकतो. आपण त्याला खांद्यावर घेतो, फलक लावतो, सत्कार करतो. ते अवश्य करावे. पण पुढच्या वर्षी तोच मुलगा थोडा कमी पडला, म्हणजे आपणच म्हणतो, फुगा फुटला. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हे ऐकावे लागते. वास्तविक फुटलेले असते ते आपले दहा दाण्यांवरचे गणित. जो मुलगा आसामविरुद्ध चारशे एक्कावन्न धावा काढतो, त्याच्याकडून दर वेळी चारशेची अपेक्षा करणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. आणि त्याने वानखेडेवर मुंबईविरुद्ध काढलेल्या एक्क्याण्णव धावा त्या चारशेहून मोलाच्या होत्या, हे न ओळखणे हा आपल्या पारखीतला उणेपणा आहे.

आणि सत्काराच्या खर्चातला थोडा भाग मैदानाकडे वळवावा. पंधरा वर्षांची मालिका हारांनी उभी राहत नाही. रोज संध्याकाळी भरणाऱ्या मैदानांनी, सुट्टीतल्या साध्या साखळी सामन्यांनी, खेळणाऱ्याला दोन तास मोकळे सोडणाऱ्या कचेऱ्यांनी ती उभी राहते. पहिल्या पावसावर पेरणी करण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण जमिनीत ओल किती खोल गेली आहे हे बोट घालून पाहणारा शेतकरीच हंगाम साधतो.